राणी रामपाल 29व्या वर्षी थांबली, हे लवकर झालं का?

चिंचवडच्या एका पालकांनी विचारलंय: "माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नेहरूनगरच्या टर्फवर हॉकीत सेंटर फॉरवर्ड खेळते. तिच्या कपाटावर भारतीय संघाची कर्णधार राहिलेल्या राणी रामपालचा फोटो आहे. राणी ऑक्टोबर 2024 मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिचं वय जेमतेम 29. ज्या खेळात इतकी मोठी खेळाडू तिशीच्या आत संपते, त्यात मुलीची वर्षं घालवावीत का? आणि राणीनं मागं नेमकं काय ठेवलं?"

बरीच वर्षं पुण्यात मुलींना, त्यातही जास्त करून फॉरवर्ड लाइनला शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करू. तुम्ही राणीचं वय जन्मतारखेपासून मोजलंत. आम्ही मैदानावरची माणसं ते पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून मोजतो. राणीचा जन्म डिसेंबर 1994 चा. 2008 मध्ये रशियातल्या कझानला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली, त्यात ती भारताकडून खेळली. तेव्हा तेरा पूर्ण होऊन चौदावं चालू होतं, म्हणजे तुमच्या लेकीपेक्षाही लहान. भारतीय संघातून ती शेवटची खेळली 2023 मध्ये. पंधरा वर्षं झाली.

आता आपल्या खडकीचा धनराज पिल्ले घ्या. जन्म 1968 चा, भारताकडून पहिल्यांदा उतरला डिसेंबर 1989 मध्ये, एकविसाव्या वर्षी. शेवटची स्पर्धा 2004 चं अथेन्स ऑलिंपिक, वय 36. त्याचीही पंधराच वर्षं. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड, चार चॅम्पियन्स ट्रॉफी असं त्याचं सगळं चाराच्या पाढ्यात बसतं, आणि 'धनराज किती वर्षं खेळला!' असं आपण कौतुकानं म्हणतो. राणी तेवढीच वर्षं खेळली तर 'अरेरे, लवकर थांबली' म्हणतो. फरक कुठे आहे? शेवट दोघांच्याही कारकिर्दीच्या एकाच टप्प्यावर झाला, राणीची सुरुवात मात्र सात-आठ वर्षं आधी झाली होती.

खरोखर अकाली संपलेली कारकीर्द पाहायची असेल तर जुगराज सिंगची पाहा. 2001 चा ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातला हा पोरगा, ड्रॅग-फ्लिकवर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला बॉल काठीवर ओढत फेकून मारायच्या फटक्यावर, गोलकीपरला जागच्या जागी उभा ठेवणारा. सप्टेंबर 2003 मध्ये जालंधरजवळ गाडीचा भीषण अपघात झाला तेव्हा वय फक्त वीस. जीव वाचला, खेळ गेला. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि मुलांना फ्लिक शिकवू लागला. तिथं 'लवकर' हा शब्द शोभतो. राणीच्या बाबतीत मला तो पटत नाही.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षीही ती सहज खेळू शकली असती, मग का नाही खेळली? याचं उत्तर थोडं मांडीत आहे आणि थोडं निवड समितीच्या खोलीत.

मांडीचं आधी सांगतो, कारण ते तुमच्या मुलीलाही लागू आहे. हॉकी हा वाकून धावण्याचा खेळ आहे. काठीचं टोक जमिनीला, नजर बॉलवर, कंबरेत वाक आणि त्या अवस्थेत पूर्ण वेगानं स्प्रिंट. माणूस धावताना पाय पुढं फेकतो आणि तो जमिनीला टेकण्याआधीच्या क्षणी मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. बहुतेक दुखापती त्या क्षणी होतात. कंबरेतून वाकलं की ओटीपोटाचं हाड पुढं झुकतं आणि हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक आधीच खेचलेलं राहतं. म्हणजे ॲथलेटिक्सची पोरगी जे सरळ उभी धावून करते, ते आमची पोरगी आधीच ताणलेल्या स्नायूवर करते. त्यात फॉरवर्डला सरळ रेषेत धावायचंच नसतं. पाच पावलं तोडून धाव, थांब, उलटं वळ, परत धाव. डिफेंडर तिच्या हालचालीवर हालचाल करते. फॉरवर्ड आधी फसवते आणि मग पळते, म्हणून स्नायूला दोनदा हिसका बसतो.

राणीच्या पंधरा वर्षांत खेळही बदलला. तिनं सुरुवात केली तेव्हा पस्तीस मिनिटांचे दोन हाफ होते. साधारण 2014-15 पासून आंतरराष्ट्रीय हॉकीत पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. कागदावर दहा मिनिटं वाचली, पण वेग वाढला. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळं फॉरवर्डला काही मिनिटं जीव तोडून खेळवायचं, बाहेर काढायचं, दम खाल्ला की परत टाकायचं, अशी पद्धत पडली. प्रत्येक वेळी बेंचवरून उठून थेट पूर्ण वेगात. शिवाय आता फॉरवर्ड ही पहिली डिफेंडर आहे. समोरच्या संघाची बॅक बॉल घेऊन निघाली की तिच्यावर प्रेस करायला सगळ्यात आधी सेंटर फॉरवर्डच धावते. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी उभं राहून पासची वाट पाहणाऱ्या सेंटर फॉरवर्डचे दिवस गेले. (आमच्याकडे अजूनही काही आजोबा मंडळी कठड्याला टेकून 'तिला पुढंच राहू दे रे, खाली कशाला आणतोस' असं ओरडतात. त्यांना मी चहा पाजतो.)

आणि एकदा फाटलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. पुढची दुखापत कुणाला होईल याचा अंदाज बांधायला मागच्या दुखापतीइतकं ठळक दुसरं लक्षण नाही.

2021 चं टोकियो झालं तेव्हा राणी कर्णधार होती. ती स्पर्धा तुम्ही पाहिलीच असेल. पहिले तीन सामने हरले, नेदरलँड्सकडून 1-5, जर्मनीकडून 0-2, ग्रेट ब्रिटनकडून 1-4. मग आयर्लंडला 1-0, दक्षिण आफ्रिकेला 4-3, आणि उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाला 1-0. उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून गेला, कांस्यपदकाचा सामना ब्रिटनकडून 3-4 असा गेला. चौथा क्रमांक. तीन पराभवांनंतर उभा राहिलेला संघ कसा दिसतो हे मी आजही मुलींना त्या आयर्लंडच्या सामन्यावरून दाखवतो. उत्तम खेळ नव्हता तो. चुका भरपूर, संधी वाया घालवलेल्या, पण शेवटपर्यंत कुणी मान खाली घातली नाही.

त्यानंतर राणी जखमी होती. परतली, पण 2022 चा विश्वचषक आणि राष्ट्रकुल स्पर्धा या दोन्ही संघांत तिचं नाव नव्हतं. कारण फिटनेसचं सांगितलं गेलं. मग ती हरियाणाकडून राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत खेळली. जानेवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर तिला पुन्हा घेतलं, तिथं तिनं गोलही केला. त्यानंतर पुन्हा नाव नाही. त्याच वर्षी तिला मुलींच्या सब-ज्युनियर संघाची प्रशिक्षक नेमलं. अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतः निवृत्त न होता!

इथं माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. अनफिट खेळाडूला, मग ती कितीही मोठी असो, विश्वचषकाला नेऊ नये. अठरा जणींचा संघ असतो, ऑलिंपिकला तर सोळाच. तिथं एक जागा नावाला देणं म्हणजे एका फिट मुलीवर अन्याय. पहिली वगळणूक मला म्हणूनच खटकली नाही. खटकलं ते पुढचं. खेळाडू परत येते, गोल करते, आणि मग एकही स्पष्ट शब्द नाही. आपण प्लॅनमध्ये आहोत की नाही, हे तिला वर्तमानपत्रात छापलेल्या संघावरून कळतं. मोठ्या खेळाडूला 'आता तू नको' हे तोंडावर सांगायला धैर्य लागतं, आणि भारतीय हॉकीत ते कुणापाशी फारसं नाही. 1998 ला बँकॉकमध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकून आलेल्या कर्णधार धनराजला आणि त्याच्या साथीदारांना त्यानंतर संघाबाहेर ठेवलं होतं. 2004 ला अथेन्समध्येही शेवटी त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. खडकीत त्या गोष्टीवर अजून भांडणं होतात.

जानेवारी 2024 मध्ये रांचीत जपानकडून 0-1 हरून आपल्या मुली पॅरिस ऑलिंपिकला मुकल्या, तेव्हा 'राणी असती तर' हा सूर सगळीकडे निघाला. मला तो भाबडा वाटतो. एका सामन्यात एक गोल कमी पडला, याचा अर्थ वर्षभरापूर्वी वगळलेली खेळाडू तो घालणारच होती असा होत नाही. पण ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी शांत बसलेली अनुभवी बाई हवी होती, एवढं मात्र वाटतं.

आता मागं काय राहिलं ते.

राणी उंच, धिप्पाड किंवा पळण्यात विजेसारखी अशी कधीच नव्हती. तिचं खरं बळ पहिल्या टचमध्ये होतं. पाठीमागं डिफेंडर, अंगावर जोरात आलेला पास, आणि ती तो थांबवत नसे. घेता घेताच बॉलची दिशा बदलून अर्ध्या पावलाची जागा काढत असे. डीमध्ये अर्धं पाऊल म्हणजे फार झालं. 2010 च्या रोसारियो विश्वचषकात पंधरा वर्षांच्या या मुलीनं सात गोल केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली. 2013 मध्ये जर्मनीत ज्युनियर विश्वचषकाचं कांस्य मिळालं, त्यात ती स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. 2017 चा आशिया चषक तिच्या नेतृत्वाखाली जिंकला, 2018 च्या एशियाडमध्ये रौप्य.

पण एकच गोल दाखवायचा झाला तर मी 2 नोव्हेंबर 2019 चा, भुवनेश्वरचा दाखवेन. अमेरिकेविरुद्ध टोकियोसाठी दोन सामन्यांची पात्रता लढत होती. पहिला सामना आपण 5-1 जिंकलेला. दुसऱ्यात मध्यंतरापर्यंत अमेरिका 4-0 पुढं, म्हणजे एकूण 5-5. स्टेडियम गप्प, संघ हादरलेला. 48व्या मिनिटाला राणीनं गोल केला, एकूण 6-5, आणि भारत ऑलिंपिकला गेला. त्या रात्री चेंडू तिच्याकडं नशिबानं आला असेल, पण चार गोल खाल्ल्यावर त्या जागी उभं राहून थांबायचं तिला सुचलं, ते नशीब नव्हे. घाबरलेली फॉरवर्ड बॉल मागायला मागं मागं येते आणि डी रिकामी ठेवते. राणी डी सोडून गेली नाही. मुलींना मी हेच सांगत असतो आणि त्या हमखास विसरतात.

तिच्या करिष्म्याबद्दल बोलायचं तर तो धनराजसारखा नव्हता. धनराज केस उडवत धावायचा, चिडायचा, सगळ्यांसमोर रडायचा, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर रडायचे. राणी कमी बोलायची. तिचा प्रभाव तिच्या घरच्या गोष्टीतून आला. हरियाणातलं शाहाबाद मारकंडा, वडील हातगाडी ओढणारे, आई लोकांकडे कामाला. घरी घड्याळ नव्हतं, पहाटेच्या सरावासाठी आई तारे पाहून उठवायची. मैदानावर प्रत्येकीनं अर्धा लिटर दूध आणायचा नियम, घरी परवडायचं त्याहून कमी, मग ही पाणी मिसळून प्यायची. हे तिनंच सांगितलंय. प्रशिक्षक बलदेव सिंग कडक माणूस, पण त्यांनी त्या एका गावातून भारतीय संघासाठी मुलींची रांग उभी केली. पुढं 2020 मध्ये पद्मश्री आणि खेलरत्न, त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'वर्ल्ड गेम्स ॲथलीट ऑफ द इयर' हा जगभरच्या मतांवर मिळणारा किताब, रायबरेलीच्या हॉकी मैदानाला तिचं नाव. निवृत्तीच्या दिवशी दिल्लीच्या ध्यानचंद स्टेडियमवर हॉकी इंडियानं तिची 28 नंबरची जर्सीही निवृत्त केली.

पुरस्कारांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. भारतीय महिला हॉकी 1980 च्या मॉस्कोत ऑलिंपिकला गेली आणि मग 36 वर्षं गेलीच नाही, थेट 2016 च्या रिओला. मध्ये 1982 चं एशियाड सुवर्ण आहे, पुण्यात जन्मलेल्या एलायझा नेल्सनच्या नेतृत्वाखालचं. पण त्या पिढीचं नाव आमच्या मुलींना सांगावं लागतं. राणीचं सांगावं लागत नाही. मैदानावर येणाऱ्या मुलीच्या आईला आता 'हॉकी खेळून काय होणार' या प्रश्नाचं एक चालतंबोलतं उत्तर माहीत असतं. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत आल्या आणि तिथून भारतीय संघांपर्यंत गेल्या. त्यांच्या कष्टाचं श्रेय राणीला देणार नाही, ते त्यांचं आणि त्यांच्या प्रशिक्षकांचं. पण घरच्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात पाठवायला होकार द्यायचा, यासाठी हवा तयार व्हावी लागते, आणि ती तयार करण्यात राणीचा वाटा आहे असं मी मानतो.

आणि ती खेळातून गेलेली नाही. महिलांची हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा ती मार्गदर्शक म्हणून सूरमा क्लबच्या मुलींबरोबर बाकावर होती. काहीजणींना मैदान सुटलं की खेळाकडे बघवत नाही. तिनं ते पचवलं.

आता तुमच्या मुलीचं. खेळू द्या. पण राणीचं वेळापत्रक उचलू नका. तेराव्या वर्षी सीनियर संघात खेळणं हा अपवाद होता, आणि त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागली असं माझं मत आहे. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. चौदाव्या वर्षीही शरीर सावरतच असतं, म्हणून शाळेचा संघ, क्लबचा संघ, जिल्ह्याची निवड चाचणी आणि वरच्या वयोगटात 'भर' म्हणून खेळणं, हे सगळं एकाच महिन्यात नको. कुठला तरी एक प्रशिक्षक तिचे एकूण सामने मोजणारा हवा. बहुतेक ठिकाणी कुणीच मोजत नाही. शाळेच्या सरांना क्लबचं माहीत नसतं, क्लबवाल्यांना शाळेचं. तुम्ही वही ठेवा.

आठवड्यातून दोनदा नॉर्डिक करायला लावा. गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं, पडेपर्यंत. कंटाळवाणा व्यायाम आहे, दोन दिवस मांड्या दुखतात, मुली तोंडं करतात. पण नेमानं करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असं वेगवेगळ्या खेळांतल्या पाहण्यांमध्ये वारंवार दिसलंय. वळून थांबताना गुडघा आत पडतो का, तेही फिजिओकडून बघून घ्या. या वयाच्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. पाळी अनियमित झाली, सारखा थकवा वाटू लागला तर 'सरावाचा ताण' म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन तपासा, आणि ती पुरेसं खातेय का ते पाहा. सरावानंतर वडापाव खाऊन क्लासला पळणाऱ्या मुली मी रोज बघतो.

सेंटर फॉरवर्ड तिची आवडती जागा असू दे, पण पुढची दोन वर्षं तिला मिडफिल्डमध्येही खेळवा. मिडफिल्डला मैदान दोन्ही बाजूंनी दिसतं, आणि पाय जड झाल्यावर मागं सरकून खेळण्याची वाट उघडी राहते. राणीसुद्धा शेवटी शेवटी खाली येऊन खेळ बांधायची.

शिक्षण सोडू नका. हॉकीपटूंचं पोट रेल्वे, पोलीस, बँका, सरकारी खात्यांतल्या खेळाडू भरतीवर चालतं, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण पदवी असेल तर वरच्या पदाचा अर्ज भरता येतो, नसेल तर खालच्या. निवासी प्रशिक्षणाचा विचार असेल तर बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. तिथं वयाचे नियम असतात, त्यामुळं या महिन्यातच विचारा. आणि नेहरूनगरला मोठी राष्ट्रीय स्पर्धा आली की तिला नक्की घेऊन जा, 2024 च्या मार्चमध्ये सीनियर महिलांची झाली होती तशी. गोलपोस्टच्या मागं बसवा आणि बॉल नसताना फॉरवर्ड काय करते तेवढंच बघायला सांगा. एक पूर्ण क्वार्टर, फक्त एकाच खेळाडूवर नजर. मग घरी येताना तिला विचारा, ती किती वेळा थांबली.